व्हेटरिनरी शिकून जेनेटिक्समध्ये जायचं म्हणते, जाऊ द्यावं का?

पत्र, थोडक्यात: आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगी महूच्या व्हेटरिनरी कॉलेजात थर्ड इयरला आहे. जेनेटिक्सचा पेपर झाल्यापासून म्हणते मला दवाखाना नाही करायचा, अ‍ॅनिमल जेनेटिक्समध्ये एमव्हीएससी, म्हणजे पुढची मास्टर डिग्री, करायचंय, गाईंच्या एआयचा डेटा, मॉडेल असं काहीतरी. ह्यांचं म्हणणं, आकडेच मोजायचे होते तर बीकॉम काय वाईट होतं, सरळ पीएससी देऊन व्हेटरिनरी असिस्टंट सर्जन हो, पक्की नोकरी. आणि आता एआय सगळ्यांची कामं खाणार म्हणतात, मग हिला काय उरणार?

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या घरात दोन वेगळे एआय एकमेकांशी भांडताहेत. मुलगी म्हणतेय ते एआय म्हणजे आर्टिफिशियल इन्सेमिनेशन, कृत्रिम रेतन, गाय भरवायला डॉक्टर कांडी घेऊन येतो ते. टीव्हीवाला एआय म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, तो वेगळा. पत्र वाचून मी हसलो, पण चूक तुमची नाही, या लाइनमध्ये दोन्ही एआय लागतात आणि नवीन माणसाचा गोंधळ होतोच.

आता ह्यांचा मुद्दा, आकडे मोजण्याचा. अडचण अशी आहे की वळू स्वतः दूध देत नाही. त्याच्यात दुधाचे चांगले गुण आहेत का हे बघून कळत नाही, मग करायचे काय, तर त्याचं सीमेन गावोगाव वापरायचं, त्याच्या कालवडी जन्मायच्या, मोठ्या व्हायच्या, व्यायच्या, त्यांचं दूध मोजायचं आणि मग ठरवायचं की वळू चांगला होता. यात सहज पाच-सहा वर्षं जातात. आणि तोपर्यंत भलताच वळू वापरला असेल तर हजारो कालवडी आधीच जन्मलेल्या असतात, एका वळूपासून सीमेनचे डोस हजारोंनी निघतात म्हणून चूकही हजारोंनी होते.

बरं, दूध मोजलं तरी ते जीन्सचं किती आणि चाऱ्याचं किती? समजा एक गाय तिच्या बरोबरच्या गाईंपेक्षा वेताला 1000 लिटर जास्त देते. दुधाची हेरिटॅबिलिटी ढोबळमानाने 0.25 धरा, म्हणजे त्या 1000 मधले सरासरी 250 च तिच्या रक्तातले, बाकी खुराक, गोठा, नशीब. त्यातलं निम्मं पोटच्या वासराला जातं, म्हणजे 125. बाजारात 'हिची आई अमुक लिटर देत होती' म्हणून जो भाव लावतात ना, त्यामागे खरं एवढंच असतं. आणि गाभण राहण्याच्या गुणाची हेरिटॅबिलिटी तर 0.05 च्याही खाली, तिथे डोळ्यांनी काहीच कळत नाही, आकडेच लागतात.

हे चारा, गाव, ऋतू एकीकडे आणि वंशावळ दुसरीकडे असं सोडवायचं गणित अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या हेंडरसननी 1950 च्या सुमारास मांडायला घेतलं, त्याला ब्लप म्हणतात. आज तेच मिक्स्ड मॉडेल औषधांच्या ट्रायलमध्येही वापरतात, म्हणजे उद्या हिने लाइन बदलली तरी हातातली विद्या फुकट जात नाही, हे ह्यांना सांगा.

मग 2001 मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी दाखवलं की डीएनएवरच्या हजारो खुणा एकदम मॉडेलमध्ये घातल्या तर वासरू लहान असतानाच अंदाज बांधता येतो. अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ जातीच्या गाईंसाठी जानेवारी 2009 पासून हे सरकारी पातळीवर चालू झालं आणि वळूंच्या बापांचा पिढीचा काळ, म्हणजे पुढचा वळू जन्मताना बापाचं वय, सुमारे 7 वर्षांवरून अडीच वर्षांच्याही खाली आला. आपल्याकडे हैदराबादच्या एनआयएबी या पशू-जैवतंत्रज्ञान संस्थेने 2021 मध्ये देशी गाईंसाठी डीएनएवरच्या खुणा वाचणारी इंडिगाऊ चिप काढली, आणि 5 ऑक्टोबर 2024 ला विदर्भात वाशिमला गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप आली.

पण ताई, चिप आली म्हणजे झालं असं नाही, आणि तुमच्या मुलीची जागा नेमकी इथेच आहे. चिप काय सांगते तर या वासराच्या डीएनएत अमुक खुणा आहेत. त्या खुणा चांगल्या की वाईट हे कळायला खरं दूध मोजलेल्या हजारो गाई आधी लागतात. होल्स्टीनचा हिशोब आपल्या मालवीला किंवा निमाडीला लागू पडत नाही, जात वेगळी, मे महिना वेगळा, आणि या दोन्ही जाती तर मुळात शेतकामाच्या बैलांच्या. आपल्याकडे एका घरी दोन-तीन जनावरं, कानात 12 अंकी पिवळा बिल्ला असतो पण दूध किती तर तोंडी, विकताना बारा लिटर आणि कर्ज फेडताना चार. असा डेटा कितीही मोठ्या कंप्युटरमध्ये घाला, बाहेर तेच येणार. कुठला आकडा खोटा आहे हे ओळखायला गोठ्यात उभं राहिलेलं माणूस लागतं. गाय उलटली (रेतन न लागता पुन्हा माजावर आली) की गाभडली, मस्टायटिसमुळे (कासेच्या सुजेमुळे) दूध उतरलं की जातच तशी, हे नुसतं स्टॅटिस्टिक्स शिकलेल्याला कळत नाही, तो बिचारा रकान्यातला शून्य बघतो. म्हणून डॉक्टर होऊन फुकट जाणार नाही, उलट गोठा आणि गणित दोन्ही येणारी माणसं कमी आहेत.

एक गोष्ट मुलीला नक्की सांगा (तिला कदाचित माहीत असेल). अमेरिकेत 1962 मध्ये जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टीन वळू होता, त्याच्या 16,000 मुली आणि 5 लाखांवर नाती. दुधाला जबरदस्त. पण त्याच्या एका जीनमध्ये खोट होती, आई-बाप दोन्हीकडून ती आली की गर्भ पोटातच मरायचा. कित्येक वर्षं लोक म्हणायचे गाय गाभडली, नशीब. शेवटी 2011 मध्ये पत्ता लागला तो कसा, तर हजारो गाईंचा डीएनए बघितला आणि लक्षात आलं की डीएनएचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी आलेली जनावरं हिशोबाने इतकी निघायला हवीत पण जिवंत एकही नाही. जन्मलंच नाही त्या वासराचा माग गैरहजेरीवरून काढला! नंतरच्या अंदाजाप्रमाणे 35 वर्षांत 5 लाखांवर गर्भपात त्या खोटीमुळे झाले. हे वाचून तिचे डोळे चमकले तर समजा की मुलगी खरं बोलतेय, आणि 'हो का' म्हणून मोबाइल बघायला लागली तर मग ती दवाखान्याला कंटाळून पळतेय, आणि नुसतं पळायचं म्हणून हा विषय घेऊ नये, कारण इथे गणित दवाखान्यापेक्षा जास्त रडवतं.

रस्ता असा. बीव्हीएससी इंटर्नशिपसकट पूर्ण करायची, मध्येच सोडायचा विचारसुद्धा नको. मग एमव्हीएससी, अ‍ॅनिमल जेनेटिक्स अँड ब्रीडिंग, आयसीएआरच्या (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या) पीजी एंट्रन्समधून कर्नालचं एनडीआरआय (डेअरी संशोधन संस्था) किंवा इज्जतनगरचं आयव्हीआरआय (व्हेटरिनरी संशोधन संस्था) मिळालं तर उत्तम, नाहीतर आपलं जबलपूरच्या व्हेटरिनरी युनिव्हर्सिटीचंही चालेल, फक्त गाइड डेटावर काम करणारा बघा. खरं सांगतो, एमव्हीएससीवर थांबून या विषयात फारसं हाती लागत नाही, पीएचडी जवळजवळ धरूनच चाला. पुढे एआरएस या आयसीएआरच्या शास्त्रज्ञ-सेवेतून सायंटिस्ट, देशी जनावरांच्या जातींवर काम करणारं कर्नालचं एनबीएजीआर, आणंदचं डेअरी बोर्ड एनडीडीबी, उरुळीकांचनची बाएफ ही गोपैदाशीत काम करणारी संस्था, किंवा कोंबड्यांच्या ब्रीडिंग कंपन्या, पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीज वगैरे. कोंबडीत पिढी लवकर फिरते म्हणून तिथे हे गणित जोरात चालतं, पण मुलांना कोंबडी म्हटलं की कमीपणा का वाटतो कोण जाणे. जागा मात्र थोड्या आहेत आणि दरवर्षी निघतीलच असं नाही, हे लपवत नाही.

म्हणून पीएससीला माझा विरोध नाही. व्हेटरिनरी असिस्टंट सर्जनची जागा निघाली तर फॉर्म भरू दे, मिळाली तर तीही वाईट नोकरी नाही, उलट गावातलं रेकॉर्ड कसं बनतं ते आतून दिसेल. फक्त 'आधी नोकरी, मग बघू' असं तिच्याकडून वचन घेऊ नका, त्या 'बघू'त माझ्याकडे आलेली बरीच मुलं अडकली.

आणि ह्यांना इंदूरचीच एक गोष्ट सांगा. डॉ. विनायक गोविंद पानसे इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसाच्या जेनेटिक्सवर आकडेच मोजत बसलेले असायचे. पुढे ते दिल्लीला आयसीएआरमध्ये स्टॅटिस्टिक्सचे प्रमुख झाले, आणि संख्याशास्त्रज्ञ सुखात्म्यांबरोबर त्यांनी लिहिलेलं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक शेती शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी वापरलं.

या सुट्टीत तिने एवढं करावं: बारावीनंतर सुटलेलं गणित, मुख्यतः मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी, रोज एक तास. कंप्युटरवर आर (R) ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी, फुकट आहे, त्यातच अल्फासिमआर नावाचं पॅकेज आहे, त्यात खोटा कळप बनवून वीस पिढ्या निवड करून बघता येते. आणि महूच्या आसपासच्या चार-पाच गोठ्यांत जाऊन महिनाभर सकाळ-संध्याकाळ दूध स्वतः मोजून वहीत लिहावं, मालकाला विचारून नाही, मापाने. लॅपटॉप नवीन घ्यायची गरज नाही, 8 जीबी रॅमवाला घरात असेल तर सुरुवातीला पुरतो.