रुग्णालयातल्या भरतीपूर्व स्वॅबवरून शहरातल्या करोनाचा अंदाज

प्रश्न: आमच्या रुग्णालयात १५ टक्के चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. म्हणजे शहरात १५ टक्के लोक बाधित आहेत का?

नाही. ताप-खोकल्यामुळे आलेले त्यात मिसळले की आकडा फुगतो. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा वेगळ्याच कारणाने आलेल्या आणि सरसकट चाचणी झालेल्यांचाच आकडा धरा. न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या काळात बाळंतपणासाठी आलेल्या २१५ जणींपैकी ३३ पॉझिटिव्ह निघाल्या. त्यातल्या २९ जणींना भरतीच्या वेळी कसलीही लक्षणे नव्हती. लक्षणे पाहूनच स्वॅब घेतला असता तर चौघीच सापडल्या असत्या. अर्थात हा अंदाज तरुण स्त्रियांचा. म्हाताऱ्यांना तो जसाच्या तसा लावू नका.

प्रश्न: रजिस्टरमध्ये काय लिहावे?

सगळ्यात आधी चाचणीचे कारण: भरतीपूर्व, लक्षणे की संपर्क. हा रकाना रिकामा राहिला तर बाकीची मेहनत वाया जाते. मग वय, लिंग, राहत्या घराचा पिनकोड (लांबून पाठवलेले रुग्ण वेगळे काढता येतात), स्वॅब घेतल्याची तारीख आणि किटचे नाव. निगेटिव्हही लिहा, नाहीतर छेदच (एकूण तपासलेले) मिळणार नाही. डायलिसिसचे रुग्ण वारंवार तपासले जातात, म्हणून आठवड्यात एका माणसाची एकच चाचणी धरा. बरे झाल्यावरही विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात. तेव्हा एकदा पॉझिटिव्ह आलेल्याला पुढचे ९० दिवस अंश आणि छेद दोन्हींतून वगळा.

प्रश्न: ४०० चाचण्यांत ८ पॉझिटिव्ह, पुढच्या आठवड्यात ११. साथ वाढतेय का?

एवढ्यावरून म्हणता येणार नाही. ४०० पैकी ८ म्हणजे २ टक्के, पण खरा आकडा साधारण ०.९ ते ३.९ टक्क्यांत कुठेही असू शकतो. ११ त्यातच बसतात. शिवाय चाचणीची विशिष्टता (विषाणू नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह दाखवते) ९९ टक्के असेल, तर विषाणू नसलेल्या ४०० जणांतही सरासरी ४ पॉझिटिव्ह दिसतील! दोन-तीन आठवडे एकत्र करून कल पाहा. मध्येच आरटी-पीसीआर सोडून अँटिजेन चाचणी सुरू केली, तर त्या तारखेपासून आलेख नवा काढा.

प्रश्न: पाच-पाच स्वॅब एकत्र तपासले तर?

चालेल. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) एप्रिल २०२० मध्ये २ टक्क्यांखालील पॉझिटिव्हिटीच्या भागांत जास्तीत जास्त ५ नमुन्यांच्या पूलला (एकत्र तपासायच्या गटाला) मुभा दिली होती. मात्र मोजणी माणसांची करा, पूलची नव्हे. ४०० जणांच्या ८० पूलपैकी ८ पॉझिटिव्ह आले म्हणून १० टक्के लिहिणे चूक आहे. त्या ८ पूलमधले चाळीसही नमुने सुटे तपासा आणि जे बाधित निघतील त्यांना ४०० ने भागा.