टोकन तासाभरात मरतं आणि पोस्ट फक्त तुम्हालाच दिसते, ही दोन वेगळी दुखणी आहेत

भाऊ, तुमची अडचण वाचली. रावेर-यावल पट्ट्यातले केळीचे भाव रोज सकाळी वर्डप्रेसवर टाकता. तिथून ते आपोआप फेसबुक पेजवर जावेत म्हणून फेसबुकवर स्वतःचं ॲप काढलं आणि त्याचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी अक्षरांची किल्ली) प्लगइनमध्ये चिकटवलं. सकाळी चाचणी घेतली की पोस्ट जाते, दुपारी एरर १९०, म्हणजे टोकन बाद. आणि जी पोस्ट गेली ती तुमच्या फोनवर व्यवस्थित दिसते, तरी शेतकरी फोन करून विचारतात, "भाऊ, आज भाव काबर नही टाकला?" हे सगळं आम्ही भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. ॲप कसं काढायचं, प्लगइन कुठलं घ्यायचं यात जात नाही, ते तुमचं झालेलंच आहे.

आधी एक तातडीचं काम करा. तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 'ईएए'पासून सुरू होणारं टोकन आणि त्याच्याखालचं ॲप सिक्रेट, म्हणजे ॲपचा गुप्त संकेत, दोन्ही वाचता येतात. तो फोटो काढून टाका. मग ॲपच्या सेटिंग्जमध्ये बेसिक या पानावर जाऊन सिक्रेट रीसेट करा, आणि तुमच्या फेसबुक खात्याच्या बिझनेस इंटिग्रेशन्समधून ते ॲप काढून पुन्हा जोडा, म्हणजे जुनी टोकनं बाद होतील. टोकन हाती असलेला माणूस पासवर्ड न विचारता तुमच्या पेजवर काहीही टाकू शकतो. भावाच्या पेजवर कुणी खोटा भाव टाकला तर एखाद्याचा माल पडत्या किमतीत जाईल, एवढं ते गंभीर आहे.

आता टोकनचं. फेसबुकच्या ग्राफ एपीआय एक्सप्लोरर या चाचणीच्या पानावरून निघतं ते अल्पमुदतीचं यूजर टोकन, आयुष्य साधारण तास-दोन तास. तुम्ही त्याच टोकनवरून पेज टोकन काढलं, म्हणून तेही तेवढंच जगलं. क्रम उलटा पाहिजे. आधी यूजर टोकन दीर्घ मुदतीचं करून घ्यायचं, ते ६० दिवसांचं होतं. मग ते लांबवलेलं टोकन वापरून एक्सप्लोररमध्ये 'मी/अकाउंट्स' (me/accounts) या पत्त्याला विचारायचं. त्या उत्तरात प्रत्येक पेजच्या नावाखाली जे टोकन येतं, ते पेज टोकन. त्याला संपण्याची तारीख नसते. लांबवण्यासाठी सिक्रेट घालून लांबलचक पत्ता हाताने बनवायची गरज नाही. फेसबुकच्या ॲक्सेस टोकन डीबगर या टोकन तपासायच्या पानावर टोकन टाका, खाली 'एक्स्टेंड ॲक्सेस टोकन' असं बटण येतं, फेसबुकचा पासवर्ड पुन्हा मागतं, झालं.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक्सप्लोररमध्ये उजवीकडे ॲपचं नाव निवडायचं असतं. ते न बदलता टोकन काढलं तर ते दुसऱ्याच ॲपचं निघतं आणि तुमच्या सिक्रेटला दाद देत नाही. दुसरं, परवानगीची खिडकी उघडते तेव्हा पेजच्या नावापुढे खूण करावी लागते, घाईत 'पुढे, पुढे' दाबलं की 'मी/अकाउंट्स' रिकामा कंस परत करतं, म्हणजे एकही पेज नाही. पेज बिझनेस पोर्टफोलिओत टाकलेलं असेल तर 'बिझनेस मॅनेजमेंट' ही परवानगीही मागून बघा. तिसरं म्हणजे परवानग्या. 'पेजेस शो लिस्ट', 'पेजेस रीड एंगेजमेंट' आणि 'पेजेस मॅनेज पोस्ट्स' या तिन्ही लागतात. शेवटची राहिली की पेज दिसतं, टोकन मिळतं आणि ऐन पोस्ट टाकताना एरर २०० येते.

पेज टोकन प्लगइनमध्ये टाकण्याआधी डीबगरमध्ये दोन ओळी बघायच्या. 'टाइप'समोर 'पेज' आणि 'एक्स्पायर्स'समोर 'नेव्हर'. दोन्ही नसतील तर चिकटवूच नका. त्याच पानावर 'डेटा ॲक्सेस एक्स्पायर्स' अशी वेगळी ओळ दिसेल, ती ॲपला तुमचा डेटा वाचू देण्याची मुदत, ९० दिवसांची असते. मी तिच्यावर विसंबत नाही, ८० दिवस झाले की पुन्हा परवानगी देऊन नवं टोकन काढतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि 'नेव्हर' या शब्दावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. पेज टोकन पेजचं असलं तरी ज्याच्या खात्यातून निघालं त्याच्याशी ते बांधलेलं असतं. त्याने पासवर्ड बदलला, ॲप काढून टाकलं किंवा पेजवरचा त्याचा अधिकार गेला, की टोकन गेलं. एरर १९० च्या शेजारी उपकोड येतो, तो वाचायची सवय लावा. ४६३ म्हणजे मुदत संपली, ४६० म्हणजे पासवर्ड बदलला, ४५८ म्हणजे खात्यातून ॲप काढलं गेलं. बरीच प्लगइनं फक्त '१९०' दाखवून मोकळी होतात, अशा वेळी लॉग फाइल, म्हणजे प्लगइनची नोंदवही, उघडावी लागते. तुमच्याकडे पेज चार जण सांभाळतात म्हणता, तर टोकन कुणाच्या खात्यातून काढलं ते कुठेतरी लिहून ठेवा. त्याहून पक्कं हवं असेल तर बिझनेस सेटिंग्जमध्ये सिस्टम यूजर (कुणा माणसाचं नसलेलं खातं) तयार करा, त्याला पेज आणि ॲप नेमून द्या आणि त्याच्याच नावाने टोकन काढा. ते कुणाच्या पासवर्डवर अवलंबून राहत नाही.

आता दुसरं दुखणं. आमचे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले.

पोस्ट तुम्हाला दिसते, बाकी कुणाला दिसत नाही, कारण तुमचं ॲप अजून डेव्हलपमेंट मोडमध्ये आहे. नवं ॲप जन्मतःच त्या मोडमध्ये असतं. त्या अवस्थेतल्या ॲपने टाकलेली पोस्ट फक्त ॲपवर भूमिका असलेल्यांना दिसते, म्हणजे ॲडमिन, डेव्हलपर आणि टेस्टर. तुम्ही ॲडमिन आहात, म्हणून तुमच्या फोनवर सगळं झकास. कुठेही एरर नाही, लाल अक्षर नाही, प्लगइनमध्ये हिरवी खूण. म्हणूनच ही चूक सापडत नाही. टोकन चुकलं तर ओरडून सांगतं, इथे मात्र यंत्रणा 'यशस्वी' म्हणते आणि वाचकापर्यंत एक अक्षर पोचत नाही.

आमचे चार महिने यात गेले. टोकन बदललं, प्लगइन बदललं, थीम बदलली. होस्टिंगवाल्यांच्या मदत-केंद्राला लिहिलं तर दर वेळी नवा माणूस आणि नवं उत्तर. आधी म्हणाले कॅशे साफ करा, मग एसएसएल नव्याने बसवा, मग बाहेर जाणारी जोडणी अडत असेल, आणि शेवटी मोठा प्लॅन घ्या. मोठा प्लॅन घेतलाही. एकानेही विचारलं नाही की फेसबुककडून उत्तर काय येतंय. नाव घेत नाही, पण त्याचा राग आजही आहे, कारण ते उत्तर एका ओळीचं होतं आणि त्यातच सगळं कळत होतं.

ती ओळ अशी वाचायची. पोस्ट पाठवली की फेसबुक 'आयडी' परत करतं. त्यात आधी पेजचा आकडा, मग खालची रेघ, मग पोस्टचा आकडा असतो. असा जोडआकडा लॉगमध्ये आला म्हणजे तुमच्या सर्व्हरचं काम संपलं. पोस्ट पेजवर बसली आहे. त्यापुढे होस्टिंग, एसएसएल, कॅशे यांचा काडीचा संबंध नाही, त्यावर एक रुपयाही घालवू नका. आयडी आलाय आणि लोकांना दिसत नाही, तर दोष ॲपच्या मोडमध्ये किंवा पेजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जसं देश किंवा वयाची मर्यादा.

उपाय छोटा आहे. ॲपच्या डॅशबोर्डवरून ते लाइव्ह करायचं. बटणाची जागा हे लोक सारखी बदलतात, कधी वरच्या पट्टीत खटका असतो, कधी डावीकडे 'पब्लिश' म्हणून असतं, तेव्हा शोधावं लागेल. लाइव्ह करण्याआधी बेसिक सेटिंगमध्ये गोपनीयता धोरणाचा पत्ता भरावा लागतो. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' नावाचं पान आहे, तिथून मसुदा तयार मिळतो. मात्र ते पान खरोखर प्रकाशित केलेलं हवं. साइटवर 'लवकरच येत आहे' छाप पडदा असेल किंवा सुरक्षा प्लगइन परदेशी भेटी अडवत असेल, तर फेसबुकला ते उघडत नाही आणि ॲप लाइव्ह होत नाही. स्वतःच्याच पेजवर टाकायचं आणि ॲपचे ॲडमिनही तुम्हीच, तर ॲप रिव्ह्यूच्या, म्हणजे फेसबुककडून ॲप तपासून घेण्याच्या, भानगडीत सहसा पडावं लागत नाही. इतरांची पेजं जोडायची असतील तर लागतो.

लाइव्ह केल्यावर नवी पोस्ट टाकून बघा, आणि बघताना स्वतःचा फोन वापरू नका. ॲपवर किंवा पेजवर ज्याची काहीच भूमिका नाही अशा कुणाच्या तरी फोनवर बघा. माझ्या मते ही चाचणी पहिल्याच दिवशी करायची.

तुम्ही शेतकऱ्यांच्या ग्रुपवरही आपोआप जाईल का विचारलंय. नाही. खासगी प्रोफाइलवर ॲपमधून टाकण्याची सोय ऑगस्ट २०१८ मध्ये गेली, ग्रुपची एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. कुणी प्लगइन विकताना ग्रुपचं आश्वासन देत असेल तर तो बहुधा तुमचा पासवर्ड घेऊन ब्राउझर चालवणार, त्याच्या वाटेला जाऊ नका. ग्रुपवर हातानेच शेअर करा.

आणखी एक, न विचारलेलं. तुमच्या पोस्टचे पत्ते बघितले, सगळ्यांच्या शेवटी २, ३, ४ असे आकडे लागलेत. वर्डप्रेस स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या पोस्टच्या नावाला, २०० अक्षरांची जागा देतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळा धरून, त्यात ९ जागा खातं. 'रावेर यावल केळी बाजारभाव' यात २१ चिन्हं आहेत, म्हणजे १८९, मधल्या तीन रेघा धरून १९२. पुढे तारखेचा देवनागरी आकडा बसतच नाही. तारीख कापली जाते, रोजचा स्लग सारखा होतो आणि मग वर्डप्रेस मागे आकडा जोडतं. स्लग इंग्रजी अक्षरांत लिहा आणि तारीख पुढे घ्या.

सकाळी सहाची वेळ लावूनही तुमची पोस्ट नऊला जाते, त्याचं कारण वर्डप्रेसचं वेळापत्रक, म्हणजे डब्ल्यूपी-क्रॉन, कुणी साइटवर आल्याशिवाय हलत नाही. ते बंद करून होस्टिंगच्या पॅनेलमधून दर दहा मिनिटांनी खरा क्रॉन (घड्याळाप्रमाणे काम चालवणारी सर्व्हरची सोय) लावा. टाइमझोन कोलकाता निवडलाय ना तेही बघून घ्या. दुव्यासोबत फोटो येत नसेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या पानावर पोस्टचा पत्ता टाकून 'स्क्रेप अगेन' दाबा. फोटो १२०० बाय ६३० चा ठेवा, आणि प्लगइनमध्ये दोन-तीन मिनिटांचा उशीर लावता येत असेल तर लावा.

स्पष्टच सांगतो, रोजच्या भावासाठी एकट्या फेसबुकवर विसंबणं मला पटत नाही. सोबत टेलिग्राम चॅनल काढा. बॉटफादर, म्हणजे टेलिग्रामचा बॉट बनवून देणारा बॉट, एक टोकन देतो, ते तुम्ही रद्द करेपर्यंत चालतं, बॉटला चॅनलचा ॲडमिन केलं की काम झालं. मुदत नाही, रिव्ह्यू नाही, मोड नाही.

मी फेसबुकचा माणूस नाही, वरचं सगळं वापरून शिकलेलं आहे. नावं-बटणं इकडची तिकडे झालेली असू शकतात. आधी ॲपचा मोड बघा, मग टोकन वर सांगितलेल्या क्रमाने नव्याने काढा. तरीही अडलं तर लॉगमधली एररची ओळ उपकोडासकट इथे टाका, पण टोकनचा भाग खोडून.