एकटीच्या मतापलीकडे

प्रश्न : अमेरिकेच्या माजी खासदार बार्बरा ली यांचं तुम्ही फार कौतुक करता. पण एकटीने विरोधी मत देण्यापलीकडे खासदारकीच्या सव्वीस वर्षांत त्यांनी केलं काय? आणि मित्र सगळे डावेच ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कौतुक करते, आणि करत राहीन. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर लष्करी बळ वापरण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना देणाऱ्या ठरावावर १४ सप्टेंबर २००१ रोजी प्रतिनिधिगृहात (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) ४२० विरुद्ध १ असं मतदान झालं. तो एक म्हणजे ली. राष्ट्राध्यक्षांना मुदत नसलेला युद्धाचा कोरा चेक देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या ठरावाच्या आधारे पुढे कितीतरी देशांत लष्करी कारवाया झाल्या. चूक कोणाची ठरली, तुम्हीच सांगा.

डावे मित्र होतेच. डावे खासदार रॉन डेलम्स यांच्या कार्यालयात त्या घडल्या, प्रोग्रेसिव्ह कॉकस या डाव्या खासदारांच्या गटाच्या सह-अध्यक्ष झाल्या. पण एड्सग्रस्त देशांना मदत देणारा २००३चा कायदा घडवताना त्या रिपब्लिकनांसोबत बसल्या आणि त्यावर सही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच केली.

मला राग आहे तो त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा. २००२ मध्ये इराकवर हल्ल्याऐवजी राजनैतिक मार्ग सुचवणाऱ्या त्यांच्या दुरुस्तीला जेमतेम ७२ मतं पडली; त्यांच्या पक्षातल्या बहुतेकांनीही साथ दिली नाही. उलट २०१७ मध्ये २००१चा ठराव रद्द करणारी त्यांची दुरुस्ती समितीत रिपब्लिकनांच्याही पाठिंब्याने मंजूर झाली, पण रिपब्लिकन नेतृत्वाने ती नंतर काढून टाकली. इराकवरील हल्ल्याला मुभा देणारा २००२चा ठराव रद्द करणारं त्यांचं विधेयक जून २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात २६८ विरुद्ध १६१ मतांनी संमत झालं. त्यात ४९ रिपब्लिकन होते.