खोली, लाइन आणि तुझं रेटिंग

पोरी,

तुझा मेसेज वाचला. "ताई, मी स्लो आहे, मला रिमोट, म्हणजे घरून काम, जमत नाही" असं लिहिलंस ते वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला, तुझा नाही, तुला तसं वाटायला लावणाऱ्या ऑफिसच्या त्या रेटिंगचा. मी नागपुरात बसून टीम सांभाळते, रेटिंग देणारी बाजू मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरून काम केलं की काम वाढतं असं जे सगळे सांगत फिरतात ना, ते एका अभ्यासावरून. चीनमधली सीट्रिप नावाची ट्रॅव्हल कंपनी, तिच्या कॉल सेंटरच्या लोकांवर स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला, २०१५ मध्ये तो छापून आला, घरून बसणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण त्या प्रयोगात भाग घ्यायची अट काय होती माहीत आहे? घरात ब्रॉडबँड पाहिजे आणि कामाला स्वतःची वेगळी खोली पाहिजे. ज्याच्याकडे हे नाही तो मोजलाच गेला नाही. आणि त्या १३ मधले ९ टक्के तर नुसते ब्रेक आणि आजारपणाच्या सुट्ट्या कमी झाल्या म्हणून, म्हणजे माणसं जास्त वेळ बसली, उरलेलं मिनिटाला जास्त कॉल घेतले म्हणून, कारण घरी शांतता होती.

आता तुझं घर बघ. दारव्ह्याकडचं गाव, टिनाची खोली, मे महिन्यात दुपारी तिथं बसवत नाही म्हणून तू ओसरीत येतेस, तिथं आजीचा टीव्ही, कूलरचा आवाज, आणि लाइन गेली की राऊटर बंद, मंग मोबाइलचा हॉटस्पॉट, मंग मीटिंगमध्ये तुझा आवाज तुटतो आणि समोरच्याला वाटतं पोरगी तयारी करून आली नाही. काऊन स्वतःला दोष देतेस बाप्पा!

संध्याकाळी नेट का रांगतं तेही समजून घे, म्हणजे कामाची वेळ लावता येते. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, जेवणं झाली की आख्खं गाव व्हिडिओ बघतं, तुझ्या वाट्याला काय येणार. मोठी फाइल चढवायची तर पहाटे चढव. स्पीड टेस्ट करशील तेव्हा डाउनलोड बघून खुश होऊ नको, अपलोड बघ, कॉलमध्ये तुझा आवाज आणि चेहरा अपलोडवरनं जातो. राऊटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी लाइन गेली तरी तो चालू ठेवणारा छोटा बॅटरीचा यूपीएस मिळतो, इन्व्हर्टरपेक्षा कितीतरी स्वस्त, पहिल्या पगारातून तो घे, मोबाइल नंतर. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेव. सरकारची भारतनेट नावाची, इंटरनेटची फायबर ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची योजना आहे, तुमच्या पंचायतीत आली का आणि तिथून घरी कनेक्शन मिळतं का हे सरपंचांना जाऊन विचार, बाबांना पाठवू नको, तूच जा.

आणि हो, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझा अर्धा प्रॉब्लेम नेटचा नाहीच. सरकारचाच २०१९ चा टाइम यूज सर्व्हे आहे, जी बाई आपल्या घरचं काम करते तिची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ९७. तू घरी आहेस म्हणजे तू मोकळी आहेस असं सगळ्यांनी धरलंय, सोयाबीन सोंगायला माणसं आली की चहा तुझ्याकडं, पाहुणा आला की तुझ्याकडं, आणि भाऊ घरून काम करत असता तर त्याला कुणी उठवलं असतं का सांग. आईशी बोल, भांडून नको, पण ठरवून बोल की दहा ते एक दार लावलेलं राहील. सुरुवातीला टोमणे बसतील. बसू दे.

ऑफिसची बाजू आता. सीट्रिपच्या त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली जी लोक सांगत नाहीत, तेवढंच चांगलं काम करूनही घरून बसणाऱ्यांना प्रमोशन कमी मिळालं. डोळ्यासमोर नसलेला माणूस विसरला जातो, मी हे मीटिंगांमध्ये बसून पाहिलंय, नाव निघतं ते कँटीनमध्ये भेटणाऱ्याचं. म्हणून दर शुक्रवारी मॅनेजरला चार ओळींचा मेल टाकत जा, काय संपवलं, काय अडलं, कशामुळे अडलं. नेट गेलं तर "सॉरी सॉरी" करत बसू नको, किती वाजता गेलं किती वाजता आलं ते लिही. आणि इंटरनेटचा खर्च कंपनीकडे माग. गावात राहतेस, तुला काय खर्च, असं कुणी म्हणलं तर यूपीएस, दोन रिचार्ज, फायबरचं बिल असा हिशेब पुढे ठेव. पुण्यातल्या ऑफिसात लाइट, एसी, नेट कंपनीच भरते ना?

तरी एक लक्षात असू दे, तुझ्यापर्यंत निदान हे काम तरी आलं. तुमच्या शेजारच्या काकूंना शिष्यवृत्तीचा नाहीतर पीकविम्याचा फॉर्म भरायला तालुक्याला जावं लागतं, तिथं सर्व्हर डाउन असला की परत दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन वेचणीत दोन दिवसांची मजुरी गेली. घरून काम करायचा प्रश्नच नाही तिच्यापुढे, कापूस काही लॅपटॉपवर वेचता येत नाही. तुझं नेट चांगलं झालं की रविवारी तासभर असे फॉर्म भरून देत जा, आणि तिच्या पोरीला शेजारी बसवून शिकव, नुसतं भरून देऊ नको.

आता मॅनेजरला लिहायचा मेल उद्यापर्यंत तयार कर. आधी मराठीतच लिही, मनातलं नीट येतं, मग इंग्रजी आपण कॉलवर मिळून करू, व्हिडिओ बंद ठेवून. आणि स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट आजपासून काढायला लाग, सकाळ, दुपार, रात्र, ते मेलला जोडायचेत.

तुझी ताई