सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवूनही माश्या वांग्याच्या फुलावर का बसत नाहीत?

तुमच्या सातेरी शेजारच्या काकडीवर गर्दी करतात आणि वांग्यावरून तशाच पुढे जातात, यात पेटीचा दोष नाही. वांग्याच्या फुलात मध नसतोच. असतो तो पराग, तोही पिवळ्या परागकोशांत कोंडलेला, आणि वाट म्हणजे टोकाची दोन बारीक छिद्रं. फूल जोरात थरथरलं तरच तो झडतो. सातेरी, आग्या किंवा फुलोरी यांना ती थरथर करता येत नाही. सांडलेला पराग वेचायला कधीतरी येतात, एवढंच.

हे काम पोटावर निळे पट्टे असलेली, एकटी राहणारी अमेजिला माशी आणि मोठा काळा भुंगा करतात. परागकोशांना बिलगून ते पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतात. सकाळी ऊन चढल्यावर प्लॉटमध्ये उभं राहा. तुटक, चिरका 'झिंऽ' ऐकू आला तर समजा, तुमची माणसं कामाला लागली आहेत.

फूलगळीचा ठपका मात्र लगेच माश्यांवर ठेवू नका. वांग्यात काही फुलांची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, परागकोशांच्या वर डोकावते, काहींची आत दडलेली असते. दडलेली फुलं बहुतेक गळतातच, माशी येवो न येवो. म्हणून लांब कुक्षीची 40 फुलं कळीतच निवडा, 20 वर मलमलची पिशवी बांधा, 20 मोकळी सोडा आणि फळांचं वजन ताडून बघा. वांगं स्वतःच्या परागावरही धरतं, त्यामुळे पिशवीतही काही फळं दिसतील.

या माश्यांना मधासाठी दुसरीकडे जावंच लागतं. बांधावर तुळस, सब्जा लावा. भुंग्यासाठी ताग, तूर लावा आणि रुई उपटू नका. अमेजिला उघड्या मातीत, मातीच्या भिंतीत बिळं करते, तेव्हा बांधाचा एक तुकडा नांगराविना, मल्चिंगविना राहू द्या. भुंगा वाळक्या लाकडात आणि पोकळ बांबूत घर करतो. मांडवाचे जुने बांबू जाळू नका.

शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, किडके शेंडे खुडून नष्ट करा, म्हणजे फवारण्या कमी होतील. फवारायचंच झालं तर संध्याकाळी, पण बांधावर नाही: अमेजिलाचे नर रात्री तिथल्याच वाळक्या काड्यांना जबड्यानं धरून झोपतात.