खायची द्राक्षे, वाइनची द्राक्षे: वाचकांच्या शंका

प्रश्न: आमची दोन एकर थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षांची, बाग आहे. गेल्या हंगामात ऐन तोडणीच्या वेळी व्यापाऱ्याने भाव पाडला. आसपास इतक्या वायनऱ्या असताना त्या आमचा उरलेला माल का घेत नाहीत? बाग मोडून वाइनच्या जाती लावाव्यात का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर: द्राक्ष ते द्राक्षच, गोड असले म्हणजे झाले, असा समज या प्रश्नामागे असतो, परंतु खाण्याचा घड आणि वाइनचा घड यांची गणिते जवळजवळ उलटी आहेत. बाजाराला टपोरा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी लागतो, म्हणून तुम्ही मणी फुगवणाऱ्या जिब्रेलिक आम्लाच्या फवारण्या घेता आणि घडांची विरळणी करता. वाइन करणाऱ्याला मात्र मणी लहानच हवा असतो, कारण काळ्या द्राक्षाचा रंग व तुरटपणा आणि सुवासाचा मोठा भाग साल व बिया यांत असतो आणि मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यों या वाइनच्या काळ्या जातींचा घड बाजारात मांडला, तर गिऱ्हाईक बियांमुळेच तो परत ठेवील.

दुसरा फरक साखरेचा. थॉमसनची तोडणी साधारणपणे 18 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप, ढोबळमानाने टक्केवारी) आसपास होते. वाइनची द्राक्षे बहुधा 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवली जातात. एक लिटर रसात सुमारे 17 ग्रॅम साखर असली, तर आंबवल्यानंतर तिच्यापासून एक टक्का मद्यार्क मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या चार-सहा अंशांचे महत्त्व कळते. थॉमसनपासून वाइन होतच नाही, असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत स्वस्त पांढऱ्या वाइनसाठी हीच जात अनेक वर्षे वापरली गेली. पण तिचा रस चवीला सपक असतो, आणि शेनिन ब्लँक किंवा सोव्हिन्यों ब्लँक या पांढऱ्या वाइनच्या जातींच्या नावाने बाटली विकणाऱ्या वायनरीला तो उपयोगाचा नाही. उरलेल्या थॉमसनची खरी वाट बेदाण्याकडे जाते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि तो शीतगृहात भावाची वाट पाहत राहू शकतो, जे ताज्या घडाला शक्य नसते.

आता बाग बदलण्याविषयी. येथे आमचे मत सावध आहे, आणि त्याला कारण जुने आहे. राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, आणि वायनऱ्यांची संख्या वाढत गेली तशी अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींची लागवड केली. 2008 नंतर मंदी आली, मागणी घटली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि खरेदी आखडली. खाण्याच्या द्राक्षाला भाव नसला तरी निदान गावच्या बाजारात पाटी विकता येते. शिराझ घेऊन जायचे कुठे? तेव्हा कित्येकांनी वेली उपटून टाकल्या.

म्हणून वायनरीशी लेखी करार झाल्याशिवाय एकही कलम लावू नये. करार किती वर्षांचा आहे, दर ब्रिक्सच्या कोणत्या टप्प्यांवर ठरतो, तोडणीची तारीख कोण ठरवणार, आणि अवकाळी पावसाने घड कुजले तर माल नाकारण्याचा अधिकार कोणत्या अटीवर, हे चार मुद्दे कागदावर असलेच पाहिजेत. तिसरा मुद्दा शेतकरी सहसा विचारत नाहीत, आणि भांडण बहुधा तिथेच होते: साखर वाढावी म्हणून वायनरीने तोडणी दहा दिवस लांबवली, तर त्या दहा दिवसांत मण्याचे घटलेले वजन तुमच्या खिशातून जाते.

प्रश्न: ऑगस्टमध्ये आम्ही गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत गेलो. बाग हिरवीगार होती, पण एकही घड दिसला नाही. फ्रान्समध्ये तर ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षे तोडतात ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुम्ही पाहिलेली बाग निरोगीच होती, फक्त तुम्ही सहा महिने आधी गेलात. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि शरदाच्या तोंडाशी फळ देते, त्यामुळे वर्षातून एक मुख्य छाटणी पुरते. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकला थंडी पडते खरी, तरी वेलीला खरी झोप लागत नाही. शेतकऱ्याने म्हणूनच तिचे वर्ष कात्रीने दोन भागांत विभागले आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, पुढच्या घडांची निर्मिती होते, आणि त्या काळात आभाळ सतत भरलेले राहिले तर घड कमी लागतात. पावसाळा या काड्या पक्व होण्यात जातो. तुम्ही पाहिले ते हेच.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, आणि फळ कोरड्या, थंड महिन्यांत वाढून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणीला येते. उन्हाळ्यातल्या फुटीवरच पीक धरले, तर घड ऐन पावसात सापडतील आणि केवडा, म्हणजे डाउनी मिल्ड्यू, काहीही शिल्लक ठेवणार नाही. रात्री थंड आणि दिवस उबदार असल्याने मण्यात साखर भरते, तरी आम्लताही टिकते. नाशिकच्या पांढऱ्या वाइनला जो ताजेपणा असतो, तो बराचसा या रात्रींचा. पुढच्या खेपेस फेब्रुवारीत या, आणि शक्य असल्यास सकाळी लवकर या, कारण ऊन चढायच्या आत तोडणी उरकण्याकडे कल असतो.

प्रश्न: लाल वाइन काळ्या द्राक्षांची आणि पांढरी वाइन हिरव्या द्राक्षांची, हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: लाल वाइनपुरते बरोबर आहे, पांढरीपुरते अर्धेच. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळजवळ बिनरंगाचा असतो. रंग सालीत असतो आणि रस सालींबरोबर राहिला तरच तो उतरतो. त्यामुळे काळी द्राक्षे हलक्या हाताने दाबून रस लगेच वेगळा काढला, तर पांढरी वाइन करता येते, आणि फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशात पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून तशी ती केलीही जाते. रस सालींबरोबर काही तासच ठेवला, तर गुलाबी रोझे मिळते.