वाचक विचारतात: ट्रीलेस खोगिरावर मांड बसवताना

प्रश्न (खारघर): मारवाडी घोडीसाठी ट्रीलेस खोगीर घेतलं. जमिनीवरून चढताना ते डावीकडे फिरतं. तंग (पोटाखालून बांधायचा पट्टा) आणखी आवळला तर घोडी कान पाडते, चावायला येते. खोगीर परत करावं का?

उत्तर: आधी तंग सैल करा. नेहमीच्या खोगिरात लाकडाचा किंवा फायबरचा कडक सांगाडा, म्हणजे ट्री, असतो. तो कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतो आणि खोगिराला फिरू देत नाही. ट्रीलेसमध्ये तो आधार नाही. खोगीर जागेवर राहतं ते घर्षण, तंग आणि स्वाराचा तोल यांच्या जोरावर. एकाच रिकिबीत सगळं वजन टाकलं की ते फिरणारच. तंग जास्त आवळून फारसं साधत नाही. तंगाची ओढ पसरवायला ट्री नसल्यामुळे ती पाठीच्या अरुंद पट्ट्यावर येते आणि कोपरामागची कातडीही चिमटते. घोडी तेच सांगते आहे.

चढायला दीड-दोन फुटी कट्टा किंवा भक्कम स्टूल घ्या. सुरुवातीला मोतद्दाराला उजवी रिकीब खाली दाबून धरायला सांगा. डाव्या हातात लगामासोबत आयाळ धरा. उजवा हात खोगिराच्या पुढच्या भागावर पलीकडच्या बाजूला ठेवा. मागची कड धरून स्वतःला ओढू नका. पाय पलीकडे गेल्यावर धपकन बसू नका, वजन हळूहळू सोडा. तंग एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळा: बांधताना, पाच मिनिटं चालवल्यावर आणि बसण्याआधी. पुढच्या दोन पायांच्या मध्ये, छातीखाली दोन बोटं सरकली की पुरे.

आता गादीकडे वळू, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ट्रीलेसखाली साधी सुती गादी चालत नाही. नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) किंवा दाट फोमच्या पट्ट्या आत घालता येतील अशी गादी हवी. पट्ट्या साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या असाव्यात आणि मध्ये कण्यासाठी चार बोटं रुंद मोकळी वाट राहावी. मारवाडी घोड्यांचे विदर्स (मानेमागचा, खांद्यांवरचा उंचवटा) बहुधा उंच असतात, म्हणून तंग आवळण्याआधी गादी पुढून वर, खोगिराच्या पोकळीत ओढून घ्या. मग स्वार बसलेला असताना दुसऱ्या कोणी मागून पाहावं: कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. रिकामं खोगीर तपासून काही कळत नाही, वाट बंद होते ती वजन आल्यावर.

एवढं करूनही खोगीर फिरत असेल तर दोन शक्यता उरतात. गादीचं वरचं कापड गुळगुळीत असेल, किंवा तुम्ही एका अंगाला कलून बसत असाल. दुसरी शक्यता कोणाला आवडत नाही, पण तीच जास्त वेळा खरी निघते. ट्री असलेलं खोगीर स्वाराचा कल झाकून टाकतं, हे उघडा पाडतं. रिकिबी समान भोकांवर आहेत ना, हेही मोजून पाहा. डावं चामडं रोजच्या चढण्याने ताणून लांब होतं.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): नवीन ट्रीलेसवर मांड्या आतून भरून येतात, पायही पुढे जातात. सवय व्हायला किती दिवस लागतील?

उत्तर: ट्रीमुळे खोगीर मांड्यांच्या मध्ये अरुंद असतं. इथे घोड्याची खरी रुंदी जाणवते, म्हणून जांघेचे स्नायू ताणले जातात. पहिला आठवडा एक दिवसाआड १५–२० मिनिटं, फक्त चालीवर. पुढच्या आठवड्यात दुडकीचे छोटे तुकडे घाला. सांधा दुखत असेल तर थांबा. स्नायू दुखणं वेगळं.

पाय पुढे जाणं मात्र सवयीने सुटत नाही. बैठकीचा सर्वांत खोल भाग फार मागे असेल तर असं होतं. बऱ्याच ट्रीलेसमध्ये बैठक वेल्क्रोवर असते, ती एक-दोन बोटं पुढे घ्या. बैठक रुंद झाल्याने रिकिबी आखूड वाटतात. एक भोक लांब करून पाहा.

दुडकीत उठताना रिकिबींवर उभं राहू नका. त्यांचे पट्टे जिथे जोडलेले असतात, तिथेच पाठीवर दाब एकवटतो. कमरेतून थोडंसं उठा. बराच वेळ रिकिबीत उभं राहून दौडायचं किंवा उड्या मारायच्या असतील, तर आमच्या मते हे खोगीर त्यासाठी नाही. येऊरसारख्या चढ-उतारावर जाणार असाल तर छातीपट्टा लावा, उतारासाठी दुमचीही (शेपटीखालून जाणारा पट्टा).

सुरक्षेचंही पाहा. काही ट्रीलेसमध्ये रिकिबीचा पट्टा बंद कडीत अडकवलेला असतो. स्वार पडला तरी तो सुटून येत नाही. अशा खोगिराला पाय मोकळा करणारी सेफ्टी रिकीबच लावावी.

प्रश्न (ऐरोली): माझं वजन ८८ किलो, घोडा अंदाजे ३५० किलोचा. ट्रीलेस घेऊ का?

उत्तर: नको. हलक्या घोड्यावर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्के भार, हा सर्वसाधारण हिशेब. तुमच्या घोड्याला तो ७० किलो होतो. म्हणजे अडचण खोगिराच्या आधीची आहे. त्यात ट्री नसेल तर वजन तुमच्या बैठकीच्या हाडांखाली एकवटेल. मोठ्या चणीचा घोडा आणि नीट बसणारं ट्रीचं खोगीर, हे बरं.

प्रश्न (ठाणे पूर्व): खोगीर पाठीला लागतंय हे कसं ओळखावं? पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

उत्तर: रपेटीनंतर घामाचे डाग पाहा. कण्यावरची पट्टी कोरडी असणं चांगलं, पण ओल्या भागात मध्येच रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे. उलटे-सुलटे विस्कटलेले केस म्हणजे घर्षण. सूज कधीकधी काही तासांनी येते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांच्या पेरांनी पाठ पुन्हा चाचपा. घोडा पाठ खाली दाबत असेल तर त्या दिवशी खोगीर नाही.

आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात ओली गादी रात्रभरात वाळत नाही. पट्ट्या प्रत्येक वेळी बाहेर काढून पंख्याखाली उभ्या ठेवा आणि दुसरा संच हाताशी असू द्या. ओला नमदा दबतो आणि कण्याची वाट बुजते. वेल्क्रोत केस साचले की बैठक सरकू लागते. ते जुन्या कंगव्याने विंचरून काढा.